परत करायची माती

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतून हिंडताना एक चित्र पुन्हा पुन्हा दिसते. छप्पर उडालेले, भिंतींवर आयव्हीची वेल माजलेले एक जुने दगडी चर्च आणि त्याला चहूबाजूंनी वेढून असलेली थडगी. चर्च केव्हाच ओस पडलेले, पण थडगी मात्र त्यामानाने अलीकडची. याचे कारण इतिहासात आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजसत्तेने रोमशी नाते तोडले आणि आयर्लंडमधली जुनी चर्चेही सरकारमान्य प्रोटेस्टंट पंथाकडे गेली. बरीचशी लढायांत आणि हेळसांडीत पडली. बहुसंख्य जनता कॅथलिकच राहिली. तिला प्रार्थनेसाठी रानात, आडोशाला जमावे लागले, पण माणूस गेला की त्याला आणायचे ते वाडवडिलांच्या शेजारीच, त्याच पडक्या चर्चच्या आवारात. शेकडो वर्षे हे असेच चालले. वर कुणी धर्माधिकारी नाही, पुस्तकी नियम नाहीत, त्यामुळे या जागांचे नियम गावकऱ्यांनीच घडवले. आयरिश दफनभूमीच्या लोककथा इतक्या समृद्ध आहेत त्या यामुळे, असे माझे मत आहे.

यातला एक समज देशाच्या बहुतेक भागांत सापडतो. ज्याला सर्वांत शेवटी पुरले, त्याच्यावर दफनभूमीच्या राखणीची पाळी येते. पुढचे प्रेत येईपर्यंत त्याने फाटकाशी पहारा द्यायचा. काही ठिकाणी त्याचे काम आणखी कष्टाचे मानत : शुद्धिस्थळात, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी पापे धुऊन निघण्याच्या जागी, होरपळणाऱ्या आत्म्यांना पाणी पोचवायचे. एकाच दिवशी दोन प्रेतयात्रा निघाल्या तर कोण आधी आत शिरतो याला फार महत्त्व येई, कारण जो मागे राहील त्याच्या माणसावर राखण पडणार. मग खांदेकरी पावले उचलत, आडवाटेने शेतांतून घुसत, फाटकाशी रेटारेटी होई आणि प्रसंगी हातघाईवरही येत. हा आडदांडपणा म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही. आपल्या म्हाताऱ्या आईला मेल्यावर तरी कुणाचे पाणी भरावे लागू नये, एवढीच त्यामागची धडपड होती.

दुसरा एक नियम सोमवारचा. सोमवारी नवी कबर खणायची नाही. खणणे अटळच असेल तर रविवारी जाऊन कुदळीने एक ढेकूळ उलटून ठेवायचे, म्हणजे काम रविवारीच सुरू झाले असे धरता येते. आणि तिसरा नियम सगळ्यांत कडक : दफनभूमीतून काही बाहेर न्यायचे नाही. तिथली वाळकी फांदी चुलीत घालायची नाही, दगड बांधकामाला वापरायचा नाही, हाड वर आले असेल तर ते पुन्हा मातीआड करायचे. या नियमाला अपवाद फक्त एक, आणि हे प्रकरण त्या अपवादाविषयी आहे. संताच्या किंवा पुण्यवान धर्मगुरूच्या थडग्यावरची चिमूटभर माती नेता येते. मात्र नेण्याची रीत ठरलेली असते.

शॅनन नदीच्या काठी, ऑफली काउंटीत, क्लॉनमॅकनॉइज हे मठाचे प्रसिद्ध ठिकाण आहे. संत किएरानने सहाव्या शतकाच्या मध्यास ते वसवले आणि त्यानंतर थोड्याच काळात, ऐन उमेदीत, तो वारला. पुढे हे ठिकाण विद्येचे मोठे केंद्र झाले. राजे इथे पुरले गेले, कोरीव काम केलेले उंच दगडी क्रूस उभे राहिले, व्हायकिंगांनी आणि नंतर इंग्रज फौजांनी ते लुटले. आज तिथे अनेक चर्चांचे अवशेष आहेत. त्यांतले सर्वांत लहान ते किएरानचे. चार माणसे उभी राहिली की भरून जावे एवढी खोली, भिंती कललेल्या. किएरानला इथेच पुरले अशी परंपरा आहे. आत पाऊल टाकले की जमीन बाहेरच्यापेक्षा खाली गेलेली जाणवते. पिढ्यानपिढ्या शेतकरी इथली माती नेत आले. शेताच्या चारी कोपऱ्यांत ती टाकली की पीक आणि गुरे सुखरूप राहतात, ही श्रद्धा. दरवर्षी मूठमूठ माती गेली, तळ खचत गेला, आणि शेवटी आत फरशीचे दगड बसवून हा उपसा थांबवावा लागला. श्रद्धेचे मोजमाप करता येत नाही असे आपण म्हणतो. इथे ते खचलेल्या जमिनीत डोळ्यांनी दिसते.

याच क्लॉनमॅकनॉइजची आणखी एक कथा जुन्या बखरींमधून आली आहे. मठातले लोक प्रार्थनेला जमले असता वर आकाशातून एक गलबत चालले होते. त्याचा नांगर खाली चर्चमध्ये अडकला. नांगर सोडवायला एक खलाशी हवेतून पोहत उतरला. लोकांनी त्याला धरले, तेव्हा तो गयावया करू लागला की मला सोडा, मी इथे बुडतो आहे. त्यांनी त्याला सोडले. कथा एवढीच. आपण ज्या हवेत श्वास घेतो ती दुसऱ्या कुणासाठी बुडवणारे पाणी असू शकते, ही कल्पना मध्ययुगातल्या कुणा साधूला सुचली, याचे मला आजही नवल वाटते. मातीशी तिचा संबंध नाही, पण क्लॉनमॅकनॉइजबद्दल लिहून ही गोष्ट न सांगणे मला जमणार नाही.

कॅव्हन काउंटीतल्या टेम्पलपोर्ट तळ्यात एक छोटे बेट आहे. संत मोगचा जन्म तिथला. त्याच्या बाप्तिस्म्यासाठी होडी मिळेना, तेव्हा चुलीपुढच्या दगडी फरशीवर बाळाला ठेवून तळे पार केले आणि ती फरशी तरंगली, अशी आख्यायिका. बेटावर जुन्या चर्चचे अवशेष आणि दफनभूमी आहे. तिथली माती घरात असली की घराला आग लागत नाही आणि जवळ बाळगली की माणूस बुडत नाही, असे मानतात. गवताने शाकारलेली घरे आणि पोटासाठी करावा लागणारा समुद्रप्रवास, या दोन्हींत जन्म काढलेल्या लोकांनी नेमकी आग आणि पाणी यांपासूनच अभय मागावे, यात आश्चर्य कसले?

डोनेगॉलच्या किनाऱ्यापलीकडच्या टोरी बेटाची तऱ्हा वेगळी. बुडून मेलेल्या सहा पुरुषांची आणि एका स्त्रीची तिथे एकत्र समाधी आहे. तिथल्या मातीने उंदीर-घुशी पळतात, असे मानतात. पण ही माती आपल्या हाताने उचलून चालत नाही. डुगन घराण्यातल्या वडीलधाऱ्या माणसाने ती द्यावी लागते, कारण संत कॉलमकिल बेटावर आला तेव्हा त्याचे स्वागत या घराण्याच्या पूर्वजाने केले, असे सांगतात. घ्यायची नाही, मागायची. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येईल.

आता फर्मॅना काउंटी. बेट एकच असले तरी हा भाग उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात मोडतो. याचा लोककथांच्या नोंदींवरही परिणाम झाला. 1935 मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोककथा आयोगाने 1937 ते 1939 या काळात एक विलक्षण उपक्रम केला. दक्षिणेकडच्या सव्वीस काउंट्यांमधल्या सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरच्या आजी-आजोबांकडून, शेजाऱ्यांकडून गोष्टी, औषधे, म्हणी, पवित्र विहिरी, पछाडलेल्या जागा यांची माहिती विचारून वह्यांत लिहायला लावले. जवळजवळ 50,000 मुलांनी लिहिले. ते लेखन आज डब्लिनच्या विद्यापीठात जपलेले आहे. एखाद्या देशाने आपल्या शाळकरी मुलांच्या हातून स्वतःची आठवण लिहून घ्यावी, याहून शहाणपणाची गोष्ट मला ठाऊक नाही. पण सीमेच्या उत्तरेकडची फर्मॅना त्यात आली नाही. तिथली परंपरा माणसांच्या तोंडी आणि पायांखालच्या वाटांवरच टिकली.

एनिस्किलन हे तिथले मुख्य शहर. त्याच्या नैर्ऋत्येला डोंगराळ भागात बो नावाची वस्ती आहे. सगळा मुलूख चुनखडीचा. पाणी जमिनीवर ठरत नाही, खडकात मुरते आणि खाली गुहा, विवरे कोरत जाते. जवळच रेफॅड इथे इतिहासपूर्व काळातल्या माणसाने वाट्या आणि वर्तुळे कोरलेले मोठे दगड आहेत. म्हणजे वस्ती फार जुनी. बोमधल्याच टोनील इथल्या चर्चच्या आवारात मध्ययुगीन क्रूसाचा तुटका खांब उभा आहे. त्यावर आदम, हव्वा आणि झाडाला विळखा घातलेला साप अजून ओळखू येतो. आणि याच आवारात फादर जेम्स मॅकगर यांचे थडगे आहे.

मॅकगर इथले धर्मगुरू. 1815 मध्ये ते वारले. कॅथलिकांवरचे जाचक कायदे तेव्हा सैल होत होते, तरी त्यांना संसदेत बसण्याचा हक्क मिळायला 1829 उजाडणार होते. जमीनदाराच्या जमिनीवर कूळ म्हणून राबणाऱ्या माणसाला डॉक्टर परवडत नसे. आजारपणात तो धर्मगुरूकडे जाई, आणि काही धर्मगुरूंच्या हाताला गुण असतो असा लौकिक असे. मॅकगर यांचाही तसाच होता. मृत्युशय्येवर त्यांनी सांगितले, असे म्हणतात, की जिवंतपणी मी जे बरे करू शकत होतो ते माझ्या पश्चात माझ्यावरची माती बरे करील.

तेव्हापासून लोक ती माती नेत आले. दातदुखी, घशाची आणि मानेची दुखणी ही नेहमीची कारणे. रीत अशी. थडग्यापाशी गुडघे टेकायचे. चमच्याने अगदी थोडी माती घ्यायची, छोट्या चमचाभर. ती सुती कापडात बांधायची. घरी आल्यावर पुरचुंडी उशीखाली ठेवायची आणि फादर मॅकगर यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. आणि चौथ्या दिवसापर्यंत माती होती तिथे परत आणून टाकायची. न टाकली तर गुण येणे दूरच, उलट अरिष्ट ओढवते.

हा शेवटचा नियम मला या साऱ्या परंपरेचा कणा वाटतो. क्लॉनमॅकनॉइजला लोक माती नेत राहिले आणि जमीन खचली. टोरीला कुणीही उचलू नये म्हणून एका घराण्याच्या हाती ती सोपवली. बो इथे गावाने उसनवारीचा नियम केला. दोनशे वर्षे दुखणेकरी येत राहिले, तरी मातीचा साठा टिकून राहिला. शिवाय माती परत करायला यायचे म्हणजे थडग्याशी दुसऱ्यांदा यायचे, दुसऱ्यांदा गुडघे टेकायचे, वाटेत कुणी भेटले तर दुखणे कसे आहे ते सांगायचे. आजाऱ्याची चौकशी करणारी अशी व्यवस्था कुणी कागदावर आखली नव्हती, पण ती चालली.

स्वान्झी विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात सूक्ष्मजीवांवर संशोधन केलेले गेरी क्विन पूर्वी बो परिसरात राहिलेले. मातीची ही परंपरा त्यांना माहीत होती. वेल्स, ब्राझील, इराक आणि उत्तर आयर्लंड इथल्या संशोधकांच्या गटाने तिथल्या मातीचे नमुने प्रयोगशाळेत नेले. त्यांत स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक नवा जिवाणू सापडला. त्याची माहिती देणारा शोधनिबंध 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

हे कुळ तुमच्या-आमच्या ओळखीचे आहे. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, त्याच्या मुळाशी प्रामुख्याने हेच जिवाणू असतात. मातीच्या कणाकणात असंख्य जीव जागेसाठी आणि अन्नासाठी झगडत असतात, आणि स्ट्रेप्टोमायसिस आपल्या प्रतिस्पर्ध्यांना रोखणारी रसायने सोडतात. ती वेगळी काढून माणसाने औषधे केली. 1943 मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी याच कुळातून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले आणि क्षयरोगावर पहिले परिणामकारक प्रतिजैविक हाती आले. निसर्गातून मिळालेल्या प्रतिजैविकांपैकी सुमारे दोन तृतीयांश या कुळाची देणगी आहेत.

बोच्या जिवाणूला मुका मार लागल्यावर चोळायच्या मलमासारखा, विंटरग्रीनच्या तेलाचा वास येतो. त्यावरूनच त्याचे नाव मायरोफोरिया ठेवले. चुनखडीच्या अल्कधर्मी मातीत तो सुखाने वाढतो. प्रयोगाची पद्धत साधी असते. काचेच्या चपट्या बशीत खळीसारखे पोषक द्रव्य थिजवायचे, त्यावर रोगजंतू पसरायचे आणि मधे या जिवाणूची वाढ ठेवायची. काही वेळाने बशी गढूळ होते, कारण जंतू सगळीकडे माजतात. पण जिवाणूभोवती एक स्वच्छ, पारदर्शक कडे राहते, जिथे जंतूंना पाऊल टाकता आलेले नसते. रुग्णालयांत सर्वाधिक उपद्रव देणाऱ्या, अनेक औषधांना दाद न देणाऱ्या सहा प्रमुख जंतूंपैकी चारांना या जिवाणूने रोखले. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस आणि व्हँकोमायसिनला न जुमानणारा एन्टेरोकोकस हे दोघेही त्यांत होते.

या बातमीचे महत्त्व कळायला एक आकडा पुरे. 2019 या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतुसंसर्गाने जगात थेट 12 लाखांहून अधिक माणसे मेली, असा अंदाज जागतिक अभ्यासातून निघाला आहे. नवी प्रतिजैविके फार थोडी येत आहेत. अशा वेळी कुठल्याशा डोंगरी दफनभूमीतली चमचाभर माती चार जंतूंना अडवते, ही गोष्ट जगभरच्या वर्तमानपत्रांनी उचलून धरली नसती तरच नवल.

पण इथेच घाई झाली. पूर्वजांना सारे ठाऊक होते, ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या ड्रुइड पुजाऱ्यांना प्रतिजैविकांचे ज्ञान होते, असे सूर निघाले. त्या परिसरात दीड हजार वर्षांपूर्वी ड्रुइड होते आणि चार हजार वर्षांपूर्वी नवाश्मयुगीन वस्ती होती, हे संशोधकांनीच नमूद केले आहे. पण त्या लोकांनी ही माती औषध म्हणून वापरली असा पुरावा त्यातून निघत नाही. परंपरा स्वतःला 1815 पलीकडे नेत नाही. दुसरे असे की उशीखाली ठेवलेल्या पुरचुंडीतला जिवाणू कापड, उशी आणि कातडी ओलांडून दुखऱ्या दातापर्यंत पोचत नाही. बशीत जंतू मरणे आणि माणसाच्या शरीरात मरणे यांत अनेक वर्षांच्या चाचण्यांचे अंतर असते. ज्यांना गुण आला त्यांना तो खरोखर आला असेल. घसा चार दिवसांत बहुधा आपला आपणच बरा होतो, आणि आपल्यासाठी कुणी प्रार्थना करते आहे या जाणिवेने झोपही लागते. मला या माणसांना भोळे म्हणायचे नाही. त्यांच्या श्रद्धेला विज्ञानाचे उसने प्रशस्तिपत्र देण्याची गरज मात्र वाटत नाही.

मग परंपरेने दिले काय? तिने पत्ता दिला. पृथ्वीवर माती सगळीकडे आहे आणि स्ट्रेप्टोमायसिस जवळपास प्रत्येक मातीत आहेत. नेमकी कुठली चिमूट उचलून पाहायची, हा संशोधकापुढचा खरा प्रश्न असतो. व्हँकोमायसिन हे नामांकित औषध बोर्निओच्या जंगलातून एका मिशनऱ्याने धाडलेल्या मातीतून 1950 च्या दशकात मिळाले. तिथे योगायोगाने वाट दाखवली. बोमध्ये ती एका गावाच्या आठवणीने दाखवली. दोनशे वर्षे लोकांनी बोट एकाच जागेकडे दाखवले, त्या जागेची नासधूस होऊ दिली नाही, आणि कुणीतरी तिकडे निराळ्या नजरेने पाहिले.

मराठी वाचकाला या कुळाचा एक धागा घराजवळच सापडेल. पुण्याजवळच्या पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो पेनिसिलिन देशात तयार व्हावे म्हणून. तिथल्या प्रयोगशाळेत एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवरचे हॅमायसिन शोधून काढले. ते ज्या जिवाणूपासून मिळते त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचे नाव असे सूक्ष्मजीवशास्त्रात कायमचे कोरले गेले आहे, आणि पिंपरी-चिंचवडमधल्या किती शाळकरी मुलांना हे सांगितले जाते, असा प्रश्न मला नेहमी पडतो. पिंपरीत कुणा संताच्या थडग्याने वाट दाखवली नव्हती. चिकाटीने नमुने तपासणाऱ्या माणसांनी ती शोधली. दोन्ही वाटा खऱ्या आहेत.

बोची कथा प्रसिद्ध झाल्यापासून थडग्याकडे लांबलांबचे लोक वळू लागले आहेत. गावकऱ्याला माती परत करायची हे आईच्या मांडीवरच कळते. बाहेरून आलेल्याला ते कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा कधी आयर्लंडला जाणे झाले आणि पावले फर्मॅनाकडे वळली, तर टोनीलच्या आवारात जरूर जा, क्रूसाच्या खांबावरचा साप शोधा, थडग्यापाशी दोन मिनिटे थांबा. माती मात्र बॅगेत घालू नका. परवान्याशिवाय परदेशातली माती भारतात आणायला वनस्पती संगरोधाच्या नियमांनुसार बंदीच आहे. आणि चौथ्या दिवशी ती परत टाकायला तुम्ही तिथे असणार नाही.